पडद्यावर कुणी मेलं की रडू का येतं? एडिट टेबलावरून एक लांबलचक उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे की सिनेमावाले भाषणबाजी आणि मरण या दोन गोष्टी वापरून प्रेक्षकाला हलवतात ते नेमकं कसं, आणि त्याला कला म्हणायचं की सरळसरळ इमोशनल ब्लॅकमेल. मी एडिटर आहे, आधी सिरियली, मग मराठी पिक्चर, मधेमधे डॉक्युमेंटरी, आणि एवढ्या वर्षांत टेबलावर इतकी माणसं मारलीत की विचारू नका. त्यामुळे उत्तर लांब होणार आणि ते टेबलाच्या बाजूनेच असणार, समीक्षकाच्या नाही.

आधीच सांगतो, पडद्यावर मरण दिसलं म्हणून कुणी रडत नाही. अ‍ॅक्शन पिक्चरमध्ये हिरोच्या एंट्रीलाच दहा-वीस जण आडवे होतात आणि आपण निवांत समोसा खात असतो. रडू येतं ते मरणाच्या आधी पिक्चरने आपल्याला त्या माणसात किती गुंतवलंय त्यावर, आणि मरणानंतर कुणाच्या तोंडाकडे बघायला लावलंय त्यावर. मधला तो मरायचा क्षण बऱ्याचदा कापून टाकला तरी काही बिघडत नाही, उलट कापला तर सीन जास्त लागतो.

सगळ्यांनी पाहिलेलंच उदाहरण घेतो. 'शोले', १९७५. रामगढमधले आंधळे इमामचाचा, ए. के. हंगल, आणि त्यांचा पोरगा अहमद म्हणजे आपला सचिन पिळगावकर. अहमदला जबलपूरला बिडीच्या कारखान्यात नोकरी मिळायची असते, त्याला जायचं नसतं कारण आंधळ्या बापाकडे कोण बघणार, आणि बाप म्हणतो तू जा. एवढासा घरगुती वाद, मुख्य गोष्टीशी तसा काही संबंध नाही, आजच्या स्क्रिप्ट मीटिंगमध्ये पहिल्यांदा कात्री लागेल ती इथेच. पण पुढचं सगळं भांडवल तिथे जमा होतंय. पोरगा निघतो, वाटेत गब्बरच्या माणसांना सापडतो, गब्बर आडवा पडलाय, हातावर मुंगी चालतेय, तो ती चिरडतो आणि कट. मारणं दिसतच नाही. थेट घोडा गावात येतो आणि घोड्यावर अहमदचं प्रेत.

आता पुढे काय केलंय बघा. गाव बघतंय, आपण बघतोय, फक्त बापाला दिसत नाही. तो चाचपडत येतो आणि विचारतो की एवढा सन्नाटा का आहे. या वाक्याचा आता व्हॉट्सअ‍ॅपवर जोक झालाय, ग्रुपवर कुणी बोललं नाही की लोक ते टाकतात, पण पिक्चरमध्ये परत नीट बघा. आपल्याला माहीत आहे आणि त्याला नाही, हे अंतर जितका वेळ ताणता येईल तितका वेळ प्रेक्षक आतल्या आत ओरडत असतो की अरे सांगा रे कुणीतरी त्यांना. म्हणजे दुःख पडद्यावर सुरू व्हायच्या आधी आपल्यात सुरू झालेलं असतं. नवशिका एडिटर इथे घाई करतो, पटकन बापाच्या रडण्यावर जातो. संकलन एम. एस. शिंदे यांचं होतं, मराठी माणूस, आणि त्या वर्षी 'शोले'ला मिळालेलं एकमेव फिल्मफेअर ते त्यांचं, हे अजूनही बऱ्याच लोकांना माहीत नसतं.

आणि मग भाषण. प्रेत समोर आहे, गावकऱ्यांची तंतरलीय, जय-वीरूला गब्बरच्या हवाली करून मोकळं व्हावं असं लोकांचं म्हणणं. कुणीतरी म्हणतं की हे ओझं आम्हाला झेपणार नाही. चाचा तोच धागा पकडतात, की जगातलं सगळ्यात मोठं ओझं माहीत आहे का, बापाच्या खांद्यावर पोराचा जनाजा, मी म्हातारा तो उचलू शकतो आणि तुम्ही एवढं उचलू शकत नाही? शेवटी म्हणतात की पोरगा माझा गेलाय, तरी मला वाटतं या दोघांनी इथेच राहावं, पुढे तुमची मर्जी. मोजून चार-पाच वाक्यं आहेत. हीच वाक्यं ठाकूरच्या तोंडी घालून बघा, सगळं पडेल, कारण ठाकूरला गब्बर हवाच आहे, त्याचा त्यात स्वार्थ आहे. बोलणारा माणूस स्वतःच्या नुकसानीच्या बाजूने बोलतोय म्हणून ते ऐकलं जातं. अ‍ॅरिस्टॉटलने पटवून द्यायचे तीन मार्ग सांगितलेत, बोलणाऱ्याचं चारित्र्य, ऐकणाऱ्याच्या भावना आणि युक्तिवाद, ते तिन्ही इथे एका दमात आलेत. आणि "तुमची मर्जी" म्हणून सोडून देणं हा सगळ्यात पक्का डाव, कारण आता नाही म्हणणाऱ्याला स्वतःचीच लाज वाटते. सलीम-जावेद यांना उगाच मानत नाहीत.

प्रेत समोर ठेवून भाषण ही काही सिनेमाची आयडिया नाही म्हणा. शेक्सपिअरच्या 'ज्युलियस सीझर'मधला अँटनी बघा, १९५३ च्या पिक्चरमध्ये ते काम मार्लन ब्रँडोने केलंय. लोकांना ते भाषण म्हणजे शब्दांची जादू वाटते, मला त्यात एडिटिंग दिसतं. सीझरचा खून झालाय, तो आधी त्याचं मृत्युपत्र नुसतं दाखवतो, वाचत नाही. मग लोकांमध्ये खाली येतो, सीझरचा झगा दाखवतो, कुणाचा वार कुठे बसला ते एकेक भोक दाखवून सांगतो. मग झगा बाजूला करून प्रेत. आणि लोक पेटून निघालेसुद्धा, तेव्हा त्यांना थांबवून मृत्युपत्र वाचतो. क्रम बदला, आधी प्रेत दाखवा आणि मग झगा, सगळा जोर गेला. कुठली गोष्ट आधी, कुठली नंतर आणि कुठली रोखून धरायची, आमचं रोजचं काम हेच आहे.

रशियन दिग्दर्शक आयझेनस्टाइनच्या 'बॅटलशिप पोटेमकिन'मध्ये, १९२५, मूकपट असूनही अगदी हेच आहे. सडलेल्या मांसावरून जहाजावर बंड होतं, त्यात वाकुलिनचुक नावाचा खलाशी मारला जातो. त्याचं प्रेत ओडेसाच्या धक्क्यावर एका तंबूत ठेवतात, हातात मेणबत्ती आणि छातीवर चिठ्ठी, चमचाभर सूपसाठी म्हणून. लोकांची रांग लागते. बाया रडतात, टोप्या उतरतात, मग एक मूठ आवळली जाते, मग दुसरी, आणि बघता बघता शोकाचा मोर्चा होतो. इथे भाषण देणारा मेलेला माणूस आहे आणि त्याचं भाषण एका ओळीचं. त्यानंतर त्या प्रसिद्ध पायऱ्या येतात, सैनिक उतरतायत, लोक पडतायत, बाबागाडी घरंगळतेय. गंमत म्हणजे १९०५ साली ओडेसात हिंसाचार झाला तरी त्या पायऱ्यांवर तसं हत्याकांड झालंच नव्हतं, ते पिक्चरने रचलेलं आहे, आणि तरी जगभर लोक ते इतिहास म्हणून सांगतात. प्रश्नात जो ब्लॅकमेल शब्द आहे त्याची भीती मला इथे खरी वाटते. रडलेला माणूस पुरावा मागत नाही.

थोडं शास्त्र, पटकन. रशियातच कुलेशोव्ह नावाच्या दिग्दर्शकाने एक प्रयोग केलेला, एका नटाचा तोच तो निर्विकार चेहरा, एकदा सूपच्या वाटीला जोडला, एकदा शवपेटीतल्या मुलाला, आणि बघणाऱ्यांना तो चेहरा कधी भुकेला वाटला तर कधी दुःखी. आमच्या धंद्याचा हा श्रीगणेशा. पण आपल्या नाट्यशास्त्रातही हे वेगळ्या वाटेने आहेच. करुण रसाचा स्थायीभाव शोक, पण तो थेट उचलून प्रेक्षकाच्या हातात देता येत नाही, विभाव म्हणजे कारण आणि अनुभाव म्हणजे त्याचा बाहेर दिसणारा परिणाम, यांच्यातून तो उभा करायचा. संस्कृत नाटकात तर रंगमंचावर मृत्यू दाखवू नये असाच संकेत होता, भासाने 'ऊरुभंग'मध्ये तो मोडला तो भाग वेगळा. म्हणजे मरण लपवून ठेवलं तरी करुण उभा राहतो हे आपल्या लोकांना फार आधीपासून ठाऊक होतं. सेटवर मात्र अजून रक्ताच्या बाटल्या मोजत बसतात.

आता 'आनंद', १९७१. हा माझ्या मते या विषयावरचा सगळ्यात हुशार हिंदी पिक्चर आहे, आणि हृषीकेश मुखर्जी आधी एडिटर होते हे त्यात पदोपदी दिसतं. पिक्चर सुरू होतो तो डॉ. भास्करला आनंदवरच्या पुस्तकासाठी बक्षीस मिळताना. म्हणजे आनंद जाणार हे पहिल्याच सीनला कळलं. सस्पेन्स संपला. मग उरलेला पिक्चर आपण काय बघतो? मरणाची वाट बघत नाही, उलट विसरायचा प्रयत्न करतो, कारण समोरचा माणूस सारखं हसवतोय, रस्त्यात कुणालाही मुरारीलाल म्हणून हाक मारतोय. रमेश देव आणि सीमा देव यांचं ते जोडपं, ललिता पवारांची मेट्रन, हे सगळे कशाला आहेत? हे आपल्या आधी रडणारे लोक आहेत. प्रत्येक जण एकेक करून त्या माणसाचा होतो आणि त्यांच्या मागोमाग आपणही.

शेवटचा सीन तर मी शिकाऊ पोरांना बसवून दाखवतो. खोलीत टेपरेकॉर्डर आहे. आधी मस्करीत दोघांचे आवाज त्यावर रेकॉर्ड झालेत हे आपण बघितलंय आणि विसरलोय. आनंद तीच टेप लावून पडलाय, त्यावर भास्करच्या आवाजातली मृत्यूवरची कविता चालू आहे, तो बाबूमोशाय म्हणून हाक मारतो आणि जातो. भास्कर खोलीत नाही, औषधाच्या मागे बाहेर गेलाय. टेप कोरी फिरतेय. भास्कर येतो, आधी सुन्न, मग भडकतो, ओरडतो की बोल माझ्याशी, इतके दिवस बडबड करून डोकं खाल्लंस आता बोल. आणि टेपमधून आनंदचा आवाज येतो, बाबूमोशाय! मेलेला माणूस बोलला, आणि काय बोलला तर नाटकातला डायलॉग, जिंदगी और मौत वरच्याच्या हातात आहे वगैरे. हाच डायलॉग जिवंत आनंदने बिछान्यात पडून म्हटला असता तर लोकांनी जांभया दिल्या असत्या, मरताना तत्त्वज्ञान सांगणारा पेशंट कुणाला आवडतो. पण तो आधी मस्करीत बोलला गेलाय आणि आता चुकीच्या वेळी वाजतोय, आणि शेवटी हसण्याचा आवाज. भाषण तेच आहे, फक्त पुढे सरकवलंय. टेबलावर याला फार तर एक क्लिप उचलून दुसरीकडे ठेवणं म्हणतात.

मरणार हे आधीच सांगून टाकायची ही रीत जपानी दिग्दर्शक कुरोसावाच्या 'इकिरू'मध्ये, १९५२, आणखी पुढे नेलीय. तिथे पहिलाच शॉट पोटाच्या एक्स-रेचा, निवेदक सांगतो की याला कॅन्सर आहे. सरकारी ऑफिसातला आयुष्यभर शिक्के मारणारा कारकुनी साहेब शेवटच्या महिन्यांत गटाराच्या जागी मुलांसाठी एक बाग व्हावी म्हणून ऑफिसाऑफिसात खेटे घालतो. आणि मग कुरोसावा मोठी गंमत करतो, पिक्चर बराच उरलेला असताना हिरो मरून जातो, थेट त्याच्या फोटोसमोर बसलेले ऑफिसातले लोक. दारू पितात, आधी श्रेय लाटतात, मग हळूहळू वरमतात, मग रडून शपथा घेतात की आम्हीही असंच काम करू. दुसऱ्या दिवशी ऑफिसात तक्रार घेऊन कुणी येतं आणि सगळं जैसे थे. प्रेतासमोर केलेल्या भाषणाची किंमत काय असते हे मला एखाद्या व्याख्यानापेक्षा त्या सीनने जास्त शिकवलं. आपल्याकडच्या शोकसभा आठवल्या तर फार लांबचं वाटत नाही.

आवाजाबद्दल बोललंच पाहिजे, कारण रडवायचं सगळ्यात जास्त काम साउंड करतो. 'पथेर पांचाली', १९५५. दुर्गा वादळी पावसाच्या रात्री जाते. बाप हरिहर गावाबाहेर होता, त्याला काहीच माहीत नाही. तो परत येतो, पडझड झालेलं घर बघतो, पिशवीतून आणलेल्या वस्तू एकेक काढून बायकोला दाखवतो, आणि मग दुर्गासाठी आणलेली साडी. सर्बजया ती साडी हातात घेते आणि तिचा बांध फुटतो. तोंड उघडलंय, शरीर हलतंय, पण तिचा आवाज आपल्याला येतच नाही, त्या जागी तारशहनाई या वाद्याचा वरचा सूर. परत तेच आहे, की आईला आणि आपल्याला माहीत आहे, बापाला नाही. आणि वर दिग्दर्शक सत्यजित राय यांनी खरी किंकाळी काढून घेतली. खरी किंकाळी ठेवली असती तर आपण एका बाईचं रडणं बघितलं असतं, जरा अवघडून. ती काढल्यावर ते रडणं ज्याने त्याने आपापल्या ओळखीचं करून घेतलं.

'सैराट'ने, २०१६, उलट्या दिशेने तेच केलं. अख्ख्या पिक्चरभर अजय-अतुलचा तो भव्य ऑर्केस्ट्रा आहे, हॉलिवूडला जाऊन रेकॉर्ड केलेला, चार गाणी, थिएटरात लोक पडद्यासमोर नाचत होते, नाणी उधळत होते. कानाला सवय लागते की काही झालं की संगीत येणार. आणि शेवटी हैदराबादच्या त्या घरात आर्चीचा भाऊ आणि माणसं येतात, माहेरून आणलेल्या वस्तू घेऊन, चहा होतो, सगळं अवघडलेलं पण गोडीगुलाबीचं. पोरगं शेजारणीबरोबर बाहेर गेलंय. मारणं इथेही दिसत नाही. पोरगं परत येतं, आईबापाला बघतं, रक्तातून चालत बाहेर पडतं आणि लादीवर लाल पावलं उमटतात. संगीत नाही. मी ज्या थिएटरला पाहिला तिथे दिवे लागल्यावरही लोक उठत नव्हते, शिट्ट्या मारणारी पोरंसुद्धा. नुसती शांतता ठेवली म्हणून हे होत नाही, आधी दोन-अडीच तास तो आवाज दिला म्हणून ती शांतता अंगावर येते. बऱ्याच नव्या दिग्दर्शकांना 'सैराट'सारखी सायलेन्स हवी असते पण पिक्चर पहिल्यापासूनच मुका असतो, मग शेवटी गप्प झाल्याचं कुणाला कळणार.

आणि हिंदीत 'धडक' केला २०१८ ला तेव्हा नवरा आणि मूल मरतात, ती वाचते. कागदावर किरकोळ बदल. पण त्याने सगळं उलटं झालं, कारण आता पडद्यावर किंचाळणारी एक व्यक्ती आहे, आपल्या वतीने रडणारी. प्रेक्षक तिच्याबरोबर रडतो आणि मोकळा होऊन घरी जातो. 'सैराट'मध्ये जे उरलंय ते इतकं लहान आहे की त्याला नेमकं काय झालंय तेही समजत नाही. आपल्या वाटचं रडायला तिथे कुणीच नाही, त्यामुळे ते आपण घरी घेऊन जातो.

सिरियलमध्ये याच्या नेमकं उलटं चालतं आणि मी ते पोटासाठी पुष्कळ केलंय. घरातलं कुणी गेलं की हॉलमध्ये सगळं खानदान उभं, आणि प्रत्येकाची रिअ‍ॅक्शन लागते, सासू, दोन जावा, दीर, नोकर, कारण सगळ्या आर्टिस्टना त्या दिवशी बोलावलंय आणि एपिसोडचे मिनिटं भरायचेत. एकच बातमी, आठ चेहरे, प्रत्येकावर झूम आणि धाडकन आवाज. तिसऱ्या चेहऱ्यानंतर बघणारी बाई भाजी निवडायला परत खाली बघते. त्यात लिहिणाऱ्यांचा किंवा नटांचा दोष नसतो हो, रोज एक एपिसोड द्यायचा म्हटल्यावर असंच होणार.

लांब भाषणं वाईटच असतात असं मात्र मुळीच नाही. 'नटसम्राट' घ्या. शिरवाडकरांचं १९७० चं नाटक, स्वगतांवर उभं असलेलं, आणि २०१६ ला मांजरेकरांनी पिक्चर केला तेव्हा मला मनातून भीती होती की क्लोजअपमध्ये ती स्वगतं अंगावर येतील. काही ठिकाणी येतातच. पण रामभाऊ हॉस्पिटलच्या खाटेवर असताना तो आणि गणपतराव, विक्रम गोखले आणि नाना, कर्ण आणि कृष्णाचा प्रवेश करतात तो सीन बघा. दोन म्हातारे नट, एक मरायला टेकलाय, आणि दोघांनाही ते सरळ बोलता येत नाहीये म्हणून नाटकाच्या भाषेत बोलतायत. इथे भाषा अलंकारिक असली तरी खोटी वाटत नाही, कारण या दोघांना तशीच भाषा येते. विक्रम गोखले २०२२ ला गेले, आता तो सीन लावला की खोलीतलं वातावरणच बदलतं, पण ते श्रेय पिक्चरचं नाही.

मला ज्याचा खरा राग येतो तो प्रकार वेगळा. पहिल्या अर्ध्या तासात हिरोची बहीण किंवा बायको मारायची, तिच्यावर एक गाणं, दोन फ्लॅशबॅक, आणि मग पुढे हिरो जी काही कापाकापी करेल ती सगळी माफ. तिथे मरण रडवायला नसतंच, ते लायसन्स असतं. त्या बाईला आवडनिवड नसते, मत नसतं, कधीकधी धड आडनाव नसतं. 'मदर इंडिया' किंवा 'दीवार' यांच्याशी तुलना करा म्हणजे फरक कळेल, तिथे गोळी आईची किंवा भावाची आहे, मारणाऱ्याला मरणाऱ्याइतकंच गमवावं लागतंय, त्यामुळे टाळी वाजवायला हातच उठत नाही.

आणि या सगळ्याच्या दुसऱ्या टोकाला 'कोर्ट', २०१४, चैतन्य ताम्हाणे. या विषयावर कुणी काही वाचण्याआधी हा पिक्चर बघावा असं मी सांगेन. मुंबईत मॅनहोलमध्ये उतरणारा एक सफाई कामगार मरतो, आणि केस होते लोकशाहीर नारायण कांबळेंवर, की यांचं गाणं ऐकून त्याने आत्महत्या केली. वीरा साथीदार ते काम करतात, गाणी संभाजी भगतांची. म्हणजे शब्दांनी माणूस मरतो का, हाच खटला! आणि पिक्चर स्वतः मात्र भावनेचा एकही दोर ओढत नाही. मेलेला माणूस आपण बघतच नाही. कॅमेरा लांब, स्थिर, कट फार थोडे. त्याची बायको साक्षीला येते आणि विचारलं तेवढं सांगते, की आत जायच्या आधी तो दारू प्यायचा कारण वास सहन होत नसे, गॅसने एक डोळा गेला होता, आणि आत उतरण्याआधी झुरळं दिसतायत का ते बघायचा, झुरळं जिवंत म्हणजे हवा बरी. मास्क नाही, बूट नाही, काही नाही. ती रडत नाही, आवाज चढवत नाही, बॅकग्राउंडला काही नाही. मी तो सीन पहिल्यांदा बघताना हातातला चहा गार झाला. मघाशी म्हटलं ना की मरणाआधी माणसात गुंतवावं लागतं, इथे एका झुरळाच्या तपशिलात ते सगळं काम झालंय, आणि तेसुद्धा माणूस मेल्यावर.

आता ब्लॅकमेल की कला. मी रशेस, म्हणजे शूट झालेलं कच्चं फुटेज, बघताना दोन साध्या गोष्टी करून बघतो. सीन म्यूट करून बघायचा, काही लागतंय का? आणि मग मेलेल्या माणसाच्या जागी कुणीही अनोळखी माणूस असता तर हेच संगीत आणि हीच तिरंग्यातली पेटी लावून इतकंच रडू आलं असतं का? आलं असतं, तर ते रडू पिक्चरने कमावलेलं नाही, दुसरीकडून उसनं आणलंय. असे पिक्चर चालत नाहीत असं नाही, दणकून चालतात.

पण सगळं इतकं सरळ नसतं हेही खरं. 'रंग दे बसंती' २००६ ला आला. मिग क्रॅशमध्ये वैमानिक मित्र जातो, मंत्री त्याच्यावरच खापर फोडतो, इंडिया गेटवर मेणबत्त्या घेऊन लोक जमतात, त्यांच्यावर लाठ्या पडतात. लताबाईंच्या आवाजातलं ते आई-मुलाचं लपाछपीचं गाणं मला आजही जमत नाही ऐकायला. नंतरचा भाग, मंत्र्याला मारणं, रेडिओ स्टेशनवर जाऊन देशाला समजावून सांगणं आणि मग स्वतः गोळ्या खाणं, हा मला अँटनीचाच खेळ वाटतो, फक्त प्रेत आणि वक्ता एकच. पोरं मरतात त्यामुळे त्यांच्या युक्तिवादाला प्रश्न विचारायची सोय राहत नाही. आणि तरीही त्याच वर्षी दिल्लीतल्या जेसिका लाल खून खटल्यात आरोपी सुटले तेव्हा इंडिया गेटवर खरोखर मेणबत्त्या पेटल्या आणि पुढे हायकोर्टात निकाल फिरला. निकाल पिक्चरमुळे फिरला असं मी म्हणत नाही, पण रस्त्यावर उतरायची ती पद्धत लोकांनी पडद्यावरून उचलली हे तेव्हाच बोललं जात होतं. आता याला फसवणूक म्हणणार का? मला नाही म्हणवत, आणि तरी तो शेवट मला पटलेला नाही.

हे वाचणाऱ्यांत शॉर्टफिल्म करणारी पोरं बरीच असतील म्हणून थोडं कामाचं. मरणाचा सीन लिहिलात की भाषण सगळ्यात शहाण्या माणसाला देऊ नका, ज्याचं सगळ्यात जास्त गेलंय त्याला द्या आणि ते अर्धं करा. मागे राहिलेल्या माणसाला रडताना शूट कराच, पण काम करतानाही करा. 'मसान'मध्ये, २०१५, बनारसच्या घाटावर प्रेतं जाळणारा तो दीपक रोजच्यासारखं काम करत असतो आणि एका प्रेताच्या बोटातली अंगठी ओळखीची निघते, त्याचं हमसून रडणं फार नंतर येतं, मित्रांबरोबर पीत बसलेला असताना. त्यामुळेच ते टिकतं. घरातल्या सीनला म्हणाल तर हॉस्पिटलचं बिल, दूधवाल्याला दोन लिटरऐवजी एकच सांगणं, मोबाइलमधला नंबर डिलीट न करणं, असलं काहीतरी. ग्लिसरीन लागलं तर लावा, त्यात कमीपणा नाही, पण अश्रू गालावर आल्यावर कॅमेरा चालू करण्यापेक्षा आधीची ती गिळून टाकायची धडपड पकडा. टेबलावर मी नव्वद टक्के वेळा तोच तुकडा ठेवतो आणि अश्रू कापतो.

आणि एक, शूट संपल्यावर लाइट उतरवायच्या आधी सगळ्यांना गप्प करून त्या खोलीचा नुसता अ‍ॅटमॉस दोन-तीन मिनिटं रेकॉर्ड करून घ्या, पंखा, बाहेरची रिक्षा, शेजारचा टीव्ही जे असेल ते. सायलेन्स हवी म्हणून ट्रॅक पूर्ण कोरा ठेवला तर प्रेक्षकाला वाटतं थिएटरचा स्पीकर गेला. प्रॉडक्शनवाला ओरडेल की जेवणाला उशीर होतोय. ओरडू दे.